साइटच नसेल तर वॉचमन उभा कुठे राहणार?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ३० × १५ × १८ इंचांची समुद्री टाकी, सहा महिने झालेली. आत दोन क्लाउनफिश आणि एक सिक्स-लाइन रॅस मासा. महिन्याभरापूर्वी तुम्ही एकाच दिवशी पिवळा वॉचमन गोबी हा तळाशी बसणारा मासा आणि निसर्गात अशा माशाबरोबर एकाच बिळात राहणारी टायगर पिस्टल कोळंबी आणून सोडली. कोळंबी त्या रात्री दगडाखाली शिरली ती पुन्हा दिसलीच नाही. गोबी मागच्या कोपऱ्यात पंपाखाली बसून असतो, खाणं बेताचंच. रात्री मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो. दुकानदार म्हणतो, कोळंबी गेली असणार, दुसरी घेऊन जा. आणि तुम्ही विचारताय, यांची जोडी जमवायची कशी?

जोडीचं शेवटी बोलू. तुमच्या मजकुरात मला खटकलेले शब्द वेगळेच आहेत. ‘खाणं बेताचंच’ हे एक. आणि पुढे सहज लिहिलेलं ‘दोन सेंटिमीटर बारीक वाळू, दगड वाळूवर ठेवलेत’ हे दुसरं. जोडी जमली नाही म्हणून कुठलाही गोबी मरत नाही. पोटात अन्न नाही म्हणून मरतो, किंवा अंगावर दगड पडून. मी गेली अठरा वर्षं लोकांच्या घरी समुद्री टाक्या लावून देतोय. या माशाबद्दल येणाऱ्या बहुतेक तक्रारी ‘जोडी जमत नाही’ अशाच असतात, आणि जाऊन पाहिलं की गडबड निघते टाकीच्या तळाशी.

आधी एक चांगली बातमी. तो ‘टक्’ आवाज तुमच्या कोळंबीचाच आहे. ती जिवंत आहे, दुसरी आणू नका. पिस्टल कोळंबीची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असते. ती इतक्या वेगाने मिटते की पाण्याचा झोत सुटतो आणि त्यात एक बुडबुडा तयार होऊन फुटतो. आवाज नांगीच्या दोन बाजू एकमेकींवर आपटल्याचा नसून हा बुडबुडा फुटल्याचा असतो, हे नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली दाखवून दिलं. त्या आवाजाने टाकीची काच तडकते ही मात्र दंतकथा. आवाज काच तडकल्यासारखा येतो, एवढंच. माझ्या एका ग्राहकाने पहाटे तीन वाजता मला फोन करून टाकी फुटल्याचं सांगितलं होतं. पंधरा मिनिटं त्याने बॅटरी घेऊन पाणी शोधलं, लादी कोरडी ठणठणीत. असा आवाज मँटिस श्रिंपही काढतो आणि तो टाकीतली गोगलगाय-खेकडे मारून खातो, पण तो येतो ओल्या, ‘जिवंत’ दगडातून, म्हणजे समुद्रातून जीवजंतूंसकट आणलेल्या दगडातून. तुम्ही कोरडा दगड वापरल्याचं लिहिलंय, म्हणजे ती भीती नाही. दुसरी कोळंबी आणण्याचा तोटा असा की दोघी एकाच लिंगाच्या निघाल्या तर एक दुसरीला मारेल. दुकानात त्या ओळखून देणारं मला तरी कुणी भेटलेलं नाही.

आता हे नातं काय आहे ते पाहू, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. मराठीत आपल्याला ‘तो गोबी’ आणि ‘ती कोळंबी’ म्हणावं लागतं, त्यामुळे उगाच नवरा-बायको डोळ्यांसमोर येतात. तसं काही नाही. ती गवंडी आहे, तो वॉचमन आहे. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तळमजल्यावर वॉचमन बिऱ्हाड करून राहतो ना, तसं. कोळंबी दिवसभर बीळ खणते, वाळू ढकलून बाहेर टाकते, शिंपल्याचे तुकडे लावून छत टेकवते. तिची नजर अधू. म्हणून बाहेर येताना ती एक मिशी सतत माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. गोबी तोंडाशी बसून नजर ठेवतो. काही संशयास्पद दिसलं की शेपटीचा बारीक झटका देतो, ती थबकते किंवा मागे सरते. खरंच धोका आला तर तो डोकं खाली घालून बिळात उडी मारतो, तोवर ती आत पोचलेली असते. लाल समुद्रातल्या अशा जोडीचं वर्णन जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लुथर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि पुढे इलान कारप्लस यांनी इस्रायलमधल्या एलातच्या किनाऱ्यावर या शेपटीच्या भाषेचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. कोळंब्यांबरोबर राहणाऱ्या गोबींच्या शंभराहून जास्त जाती आहेत. आपल्याकडच्या खाडीतल्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या ओळखीच्या असतील, त्याही गोबीच. पण त्यांचा या धंद्याशी संबंध नाही. वसईच्या खाडीतून गोबी पकडून आणून ‘याला कोळंबी द्या’ म्हणणारे भेटलेत, म्हणून सांगतो.

तर मुद्दा असा की मासा कोळंबीकडे जात नाही, मासा बिळाकडे जातो. बीळ असेल तर कोळंबी बाहेर दिसते, ती दिसली की मासा येतो. तुमच्या दोन सेंटिमीटर साखरेसारख्या वाळूत बीळ उभंच राहत नाही, खणलं की ढासळतं. म्हणून ती दगडाखालच्या फटीत घुसून बसली आहे. साइटच नसेल तर वॉचमन उभा कुठे राहणार?

पण साइटच्या आधी वॉचमनचं पोट. गोबीला समोरून पाहा, बाजूने नव्हे. डोक्यामागचा भाग भरलेला आणि पोट किंचित फुगीर दिसलं तर वेळ आहे. पोट आत गेलेलं आणि डोकं अंगापेक्षा मोठं वाटत असेल तर बाकी सगळं सोडून आजपासून हेच करा. गोठवलेली मायसिस (माशांना घालायची बारीक कोळंबी) पाण्यात वितळवून घ्या, लांब नळी लावलेल्या सिरिंजमध्ये ओढा, पंप दहा मिनिटं बंद करा, आणि गोबीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हळूच सोडा. अगदी तोंडाशी नेलीत तर तो नळीलाच घाबरतो. दिवसातून दोनदा, थोडंथोडं. हा मासा वर येऊन अन्नासाठी झगडणारा नाही. जे वाहत समोर येईल ते टिपतो. वर क्लाउनफिश आणि रॅस असताना त्याच्यापर्यंत काही पोचतच नसणार. क्लाउनना आधी टाकीच्या दुसऱ्या टोकाला गोळ्या टाकून गुंतवा, मग सिरिंज. आठवडाभरात तो सिरिंज ओळखायला लागतो, दोन आठवड्यांत तिच्या दिशेने पुढे सरकतो.

रॅसबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. सिक्स-लाइन हा लहान टाकीतला दादा. सगळेच तसे असतात असं नाही, मी अतिशय गरीब सिक्स-लाइनही पाहिलेत. पण तुमचा गोबी पंपाखाली, म्हणजे टाकीतल्या सगळ्यात गैरसोयीच्या जागी बसलाय. जिथे पाण्याचा झोत सतत अंगावर येतो तिथे हा मासा स्वखुशीने बसत नाही. एखादा तास खोलीत न हलता बसून पाहा, किंवा मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ घ्या. गोबी पुढे आला की रॅस त्याच्या अंगावर जातो का? जात असेल तर रॅसला दुसरं घर शोधा. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवलेला सापळा आणि आत मायसिस. बहुतेक रॅस दोन-तीन दिवसांत अडकतात, मात्र आधी क्लाउन अडकतील याची तयारी ठेवा. डॉटीबॅक आणि हॉकफिश हे मासेही या जोडीच्या टाकीत नकोतच.

आता दगड. हा भाग मी लांबवणार आहे, कारण यात मी स्वतः हात पोळून घेतलाय. सुरुवातीच्या वर्षांत मी एका घरी सुंदर कमान रचली होती, वाळूवर ठेवलेली. पाच महिने कमान हलली नाही. मग पिस्टल कोळंबी सोडली. तिने बरोबर डाव्या पायाखालून वाळू काढली. रोज थोडी, अगदी नेमाने. एका दुपारी कमान बसली, त्याखाली गोबी होता. काच वाचली हे नशीब. तेव्हापासून माझा नियम एकच: दगड आधी, थेट तळाच्या काचेवर, हवं तर खाली प्लास्टिकची जाळी घालून, हाताने ढकलून हलत नाही याची खात्री करायची आणि मग भोवती वाळू ओतायची. तुमचे दगड वाळूवर आहेत, म्हणजे सध्या कोळंबी त्यांच्याखाली काय करते आहे हे फक्त तिलाच ठाऊक.

म्हणून दगड उचलावे लागतील. एका सुट्टीच्या दिवशी, घाई न करता, एकेक. उचलण्याआधी प्रत्येकाखाली बॅटरीने पाहा, उचलताना दगड सरळ वर घ्या, तिरका ओढू नका, नाहीतर तीच चिरडायची. साठलेली घाण सायफनने ओढत राहा. आणि कोळंबी सापडली की तिला जाळीने नव्हे, वाटीने उचला. जाळीत पाय अडकून तुटतात. तिला परत टाकीत सोडू नका, एका छिद्रं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ठेवून डबा टाकीतच तरंगत ठेवा. हाच डबा पुढे जोडी जमवायला लागणार आहे. तुमच्यावर आलेलं हे काम खरं म्हणजे संधी आहे.

वाळूचा हिशेब. तुमच्या टाकीचा तळ साधारण ७६ × ३८ सेंटिमीटर, म्हणजे दर सेंटिमीटर जाडीला सुमारे तीन लिटर वाळू लागते. मला सहा सेंटिमीटर हवेत, म्हणजे चार वाढवायचे: दगडांची जागा सोडून दहा-अकरा लिटर, वजनात पंधरा-सतरा किलो. सगळीकडे सारखी नको असेल तर दगडाच्या एका बाजूला सहा-सात करा, पुढे तीन ठेवा. कोळंबी पुढे तिला हवं तसं सपाट करतेच. एकदम ओतू नका. अर्धी आता, अर्धी दोन आठवड्यांनी, आणि पीव्हीसी पाइप तळापर्यंत नेऊन त्यातून सोडा म्हणजे पाणी दुधाळ होत नाही. नुसती बारीक वाळू मात्र पुन्हा नको. दोन भाग एक-दोन मिलिमीटर दाण्याची अरागोनाइट वाळू आणि एक भाग अर्ध्या ते दोन सेंटिमीटरचे तुकडे, असं मिश्रण लागतं. वाळू म्हणजे विटा-सिमेंट, तुकडे म्हणजे तुळया. तुळईशिवाय छत नाही.

हे तुकडे कुठून आणायचे? तिसऱ्या (बाजारात मिळणारे खायचे शिंपले) आणा, खा, आणि शिंपल्या ठेवा. मी थट्टा करत नाहीये. शिंपल्या अर्धा तास उकळा, आतला मांसाचा लवलेश खरवडून काढा, आठवडाभर बादलीत रोज पाणी बदलून ठेवा, उन्हात खडखडीत वाळवा आणि बत्त्याने फोडा. धार जास्त वाटली तर दगडावर घासा. माझ्या टाक्यांतल्या कोळंब्यांनी याची जी छतं बांधली आहेत ती विकतच्या तुकड्यांपेक्षा टिकाऊ निघाली, कारण वाकडा तुकडा कमानीसारखा बसतो. किनाऱ्यावरून किंवा अंदमानच्या सहलीतून प्रवाळांचे तुकडे मात्र उचलून आणू नका. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे, मेलेला तुकडा दिसला तरी मोह टाळा. आणि बांधकामाची किंवा चौपाटीची वाळूही नको.

इथवर आलात की जोडीचं नव्वद टक्के काम झालं. त्या डब्यात पाच सेंटिमीटर वाळूचं मिश्रण घाला, बोटभर लांबीचा पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा वाळूत अर्धा पुरा, कोळंबी आहेच, आता गोबीला त्यात सोडा, वरून जाळी बांधा आणि डबा तळाशी ठेवा. रॅसची भीती नाही, अन्न सरळ डब्यात देता येतं, आणि दोघांना आत शिरायला एकच बीळ आहे. चार-पाच दिवसांत बहुतेक वेळा दोघं त्याच पाइपात सापडतात. मग खोलीत अंधार करून, पाइपाची दोन्ही टोकं बोटांनी धरून, तो टाकीत एका चपट्या दगडाखाली तिरका टेकवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत समोर जाऊही नका. पुढच्या आठवड्यात पाइपाच्या तोंडाशी वाळूचा ढीग दिसू लागेल. पाइप कायमचा राहिला तरी बिघडत नाही, ती त्याला खोल्या जोडत जाते.

यात काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो. मी दहा मिनिटांत जमलेली जोडी पाहिली आहे आणि चार महिने एकाच टाकीत राहून पाचव्या महिन्यात एकत्र आलेलीही. दोघं टाकीच्या दोन टोकांना असले तर वेळ लागतो, कारण कोळंबीला तो दिसतच नाही. एकदा मासा पंपाच्या नळीत रुळला तर त्याला बीळ नकोसं होतं. तुमची जात-निवड चांगली आहे: टायगर पिस्टल कुठल्याही गोबीला फार नखरे न करता स्वीकारते आणि पिवळा वॉचमनही तसाच. याशा किंवा हायफिन गोबी असता, जे पाच-सहा सेंटिमीटरचेच राहतात, तर मी लहान, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची रँडल पिस्टल सुचवली असती. मोठ्या टायगरबरोबर तो छोटा मासा बिचकतो. तुमचा पिवळा दहा सेंटिमीटरपर्यंत वाढेल, त्याच्यासाठी ही टाकी पुरेशी आहे, पण त्याच्या जोडीला दुसरा वॉचमन आणू नका. त्याच जातीत राखाडी रंगाचे मासेही असतात. ‘पिवळा नर, राखाडी मादी’ या सल्ल्यावर विसंबून पैसे घालवलेल्यांत मीही आहे.

आणि समजा जमलीच नाही, तरी दोघं वेगवेगळे सुखाने जगतात. एका डॉक्टरांकडे असा गोबी आहे, शंखाखाली घर केलंय, कोळंबी टाकीच्या दुसऱ्या टोकाला. सहा वर्षं झाली. डॉक्टरांनीच आशा सोडली, त्या दोघांनी मुळी धरलीच नव्हती.

पुढे काही गोष्टी दिसतील तेव्हा घाबरू नका, म्हणून आधीच सांगून ठेवतो. रात्री बिळाचं तोंड बंद झालेलं दिसेल. दोघं आत झोपलेले असतात, सकाळी ती पुन्हा उघडते. काही आठवड्यांनी बिळाबाहेर अख्खी कोळंबी मरून पडलेली दिसेल. उचलून पाहा: हलकी, पोकळ, पारदर्शक, पाठीच्या सांध्याशी फाटलेली असेल तर ती कात आहे. पहिल्या वेळी मी त्या काताला कुंडीत पुरलं होतं आणि तिसऱ्या दिवशी बाई वाळू ढकलताना दिसल्या. मोठी नांगी तुटली तरी चिंता नको, कात टाकताना दुसऱ्या बाजूची लहान नांगी मोठी होत जाते आणि तुटलेल्या जागी लहान उगवते. तळाशी ठेवलेले सुटे प्रवाळ मात्र ती उचलून भिंतीत लावेल, किंवा त्यांच्यावर वाळूचा डोंगर करेल. माझा एक झोअँथिड प्रवाळाचा तुकडा तिने दाराची चौकट म्हणून वापरला. तळात काही ठेवू नका, वर चिकटवा.

तिला वेगळं खायला द्यावं लागत नाही असं समजू नका. गोबीला देताना थोडं बिळाच्या तोंडाशी पडू द्या. शिवाय माशाची विष्ठाही तिच्या आहाराचा भाग असल्याचं निसर्गात दिसून आलंय. टाकीत कधीही तांब्याचं औषध पडता कामा नये. गोबीवर पांढरे ठिपके दिसले तर उपचार वेगळ्या टाकीत, कारण तांबं माशाला वाचवतं आणि कोळंबीला मारतं. पाण्याची क्षारता (विशिष्ट गुरुत्वात मोजलेली) १.०२५ च्या आसपास ठेवा. पुढे कधी नवी कोळंबी आणलीत तर आधी दुकानातल्या पाण्याची क्षारता मोजा, बऱ्याच ठिकाणी ती मुद्दाम कमी ठेवतात. फरक मोठा असेल तर तास-दीड तास थेंबाथेंबाने मिसळा. कोळंबीला हा धक्का माशापेक्षा जास्त बसतो. उन्हाळ्यात तापमान २७ च्या वर जात असेल आणि चिलर परवडत नसेल तर वरून पंखा लावा, पण मग उडालेल्या पाण्याची भर रोज साध्या आरओ पाण्याने घाला, खाऱ्या नव्हे.

झाकणाचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. हे गोबी तळात बसतात म्हणून लोक निर्धास्त राहतात, आणि नेमके पहिल्या महिन्यात, घाबरलेल्या माशाची उडी बाहेर पडते. तुमचा तर रॅसच्या धाकात आहे. सहा मिलिमीटरची जाळी अॅल्युमिनियमच्या चौकटीत बसवून घ्या, पंपाच्या वायरीपाशी फट राहते तीही बुजवा. हे काम आज संध्याकाळी करा. दगड रविवारी उचलले तरी चालतील.